आरोग्यपाठ : मोठ्या माणसांचे मुरूम आणि घरातली मलमाची ट्यूब



'मुरूम' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना पाणंद रस्त्यावर टाकायचा मुरूम आठवतो, नाहीतर मुरमाड रान. आजचा मुरूम तोंडावरचा आहे. विषय वाचून काही मंडळी हसतील. 'हा काय सभासदांना सांगायचा विषय झाला? पोराटोरांना येतात आणि जातात,' असे म्हणून पान उलटतील. कृपा करून उलटू नये. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण, हे दुखणे पोराटोरांपुरते नाही. पंचविशी, तिशी, चाळिशी ओलांडलेल्या माणसांना, त्यातही बायकांना, ते मोठ्या प्रमाणात होते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. या दुखण्यासाठी माणसे दवाखान्यात जात नाहीत, औषधाच्या दुकानात जातात. तिथून आणलेल्या ट्यूबने मूळ दुखण्यापेक्षा मोठे नुकसान होते. आजचा पाठ मुख्यतः त्यासाठी आहे.

मुरूम म्हणजे नेमके काय?

आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी बारीक बारीक तैलग्रंथी असतात. त्या तेलकट पदार्थ तयार करतात आणि तो छिद्रातून बाहेर येऊन कातडी मऊ ठेवतो. तोंड, छाती, पाठ आणि खांदे या ठिकाणी या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. म्हणून मुरूमही तिथेच येतात.

चारीचे उदाहरण घ्या. चारीत पाचट अडकले की पाणी तुंबते, तुंबलेले पाणी कुजते आणि शेवटी बांध फुटतो. कातडीतही तसेच घडते. छिद्राच्या तोंडाशी कातडीच्या मेलेल्या पेशी चिकटून बूच बसते. आत तेल साठत राहते. कातडीवर नेहमीच राहणारे 'क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस' नावाचे जंतू त्या साठलेल्या तेलावर वाढतात. मग सूज येते, लाली येते, पू होतो. बूच उघडे राहिले तर टोक काळे दिसते. हा काळेपणा मळाचा नसतो. कातडीतले रंगद्रव्य हवेला लागून काळे पडते, एवढेच. म्हणजे काळे टोक दिसले म्हणून तोंड खसाखसा घासणारा माणूस नसलेला मळ काढत असतो.

तेल किती तयार व्हायचे, हे शरीरातल्या पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते. ही संप्रेरके बायकांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात. वयात येताना ती वाढतात म्हणून त्या वयात मुरूम येतात. परंतु वयात येण्याचा काळ संपला म्हणजे ग्रंथींचे काम थांबले असे होत नाही.

किती जणांना येतात?

जगभरच्या आजारांची एक मोठी मोजणी २०१० सालासाठी झाली होती. तिच्यानुसार जगातील सुमारे ९.४ टक्के लोकांना मुरुमांचा त्रास होता. सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांत मुरुमांचा नंबर आठवा लागला.

मोठ्या माणसांचे काय? इंग्लंडमधील लीड्स येथे डॉक्टरांनी पंचविशीच्या पुढच्या ७४९ माणसांचे चेहरे स्वतः तपासले. ही पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. बायकांपैकी ५४ टक्के आणि पुरुषांपैकी ४० टक्के जणांच्या तोंडावर कमी-अधिक मुरूम होते. त्यातले बरेचसे किरकोळ. किरकोळ सोडून देऊन उपचार करण्याजोगे तेवढे मोजले, तर बायकांत १२ टक्के आणि पुरुषांत ३ टक्के निघाले. यातील बहुतेकांचे मुरूम लहानपणापासून चालत आलेले होते. थोड्यांना मात्र ते पंचविशीनंतर प्रथमच आले होते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात वीस वर्षांवरील १,०१३ लोकांना प्रश्न विचारून दुसरी पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तिचे आकडे वयाप्रमाणे असे आहेत :

वय २० ते २९ : बायका ५०.९ टक्के, पुरुष ४२.५ टक्के
वय ३० ते ३९ : बायका ३५.२ टक्के, पुरुष २०.१ टक्के
वय ४० ते ४९ : बायका २६.३ टक्के, पुरुष १२ टक्के
वय ५० आणि पुढे : बायका १५.३ टक्के, पुरुष ७.३ टक्के

हे आकडे परदेशातले आहेत. ते जसेच्या तसे आपल्या गावाला लावायचे नाहीत. पण त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वयाबरोबर मुरूम कमी होतात, पण संपत नाहीत. आणि विशीनंतर प्रत्येक वयोगटात बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. तेव्हा पस्तिशीतल्या सुनेच्या हनुवटीवर मुरूम दिसले तर 'हे काय या वयात?' असे म्हणू नये. या वयात ते येतातच.

मग दवाखान्यात हे रुग्ण दिसत का नाहीत?

कातडीची दुखणी ही पहिल्या पायरीच्या दवाखान्याचीच कामे आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ साली लोकसंख्येच्या सुमारे २४ टक्के लोक कातडीच्या कोणत्या ना कोणत्या तक्रारीसाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेले होते, अशी नोंद आहे. आपल्याकडे ही पहिली पायरी म्हणजे उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीच्या भागात साधारण ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा शासनाचा निकष आहे. तिथे कातडीचे तज्ज्ञ नसतात, वैद्यकीय अधिकारी असतात. मुरुमांच्या बहुतेक रुग्णांना तेवढे पुरेसे असते.

पण केंद्रावर मुरुमांसाठी म्हणून कोण जाते? मुलाला ताप आला, सासऱ्यांचे ब्लडप्रेशर तपासायचे आहे, म्हणून बाई येते. तिच्या गालावर मुरूम आणि डाग असतात. डॉक्टरांपुढे गर्दी असते. ती स्वतःच्या तोंडाविषयी बोलत नाही आणि डॉक्टरही आपण होऊन विचारत नाहीत. त्यामुळे केसपेपरवर मुरुमांची नोंद होत नाही.

न बोलण्यामागे तीन समजुती असतात. पहिली, 'हा काय आजार आहे का?' दुसरी, 'मुरुमांसाठी दवाखाना म्हणजे नखरे.' तिसरी, 'याला औषधच नाही.' ही तिसरी समजूत केवळ आपल्याकडची नाही. लीड्सच्या पाहणीतही मुरूम असलेल्या बहुतेकांना यावर गुणकारी उपचार नाही असेच वाटत होते. उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत.

दुखणे जीवावरचे नाही हे खरे. पण तोंड झाकून फिरणारी मुलगी, फोटो काढायला नको म्हणणारा मुलगा, पाहुणे बघायला आले की आतल्या खोलीत रडणारी बहीण आपण सर्वांनी पाहिलेली असते. उपचाराला उशीर झाला तर खड्डे आणि डाग कायमचे राहतात. मन उदास होते. ज्याचे जळते त्यालाच कळते. घरातल्या थोरांनी याची थट्टा करू नये.

मोठेपणी मुरूम येण्याची कारणे

१) संप्रेरके : पाळीच्या आधी आठवडाभर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम उठणे ही अनेक भगिनींची तक्रार असते. मात्र पाळी लांबणे किंवा अनियमित होणे, ओठावर व हनुवटीवर जाड केस येणे आणि वजन वाढणे अशी लक्षणे जोडीला असतील तर बीजकोशाचा विकार असू शकतो. त्याला डॉक्टर 'पीसीओएस' म्हणतात. तो तपासून घेतलाच पाहिजे. नुसती तोंडाला ट्यूब लावून तो बरा होत नाही.

२) आनुवंशिकता : आईवडिलांना खूप मुरूम असतील तर मुलांनाही येण्याचा संभव वाढतो.

३) औषधे : स्टेरॉइडच्या गोळ्या, क्षयरोगावरील आयसोनियाझिड, फिट्सवरील फेनिटॉइन, मनोविकारावरील लिथियम यांनी काही जणांना मुरूम येतात. परंतु मुरूम आले म्हणून क्षयाची किंवा फिट्सची औषधे स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना सांगावे. ते मार्ग काढतात.

४) व्यायामशाळेतले डबे आणि इंजेक्शने : शरीर कमावण्यासाठी काही तरुण पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने घेतात. पाठ आणि छाती मुरुमांनी भरते, आणि शरीराचे इतर नुकसान होते ते वेगळेच.

५) तेल आणि ग्रीस : हा मुद्दा आपल्या कारखान्यातील मिल, वर्कशॉप आणि वाहन विभागातील कामगार बंधूंसाठी आहे. तसेच ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या सभासदांसाठीही. यंत्राचे तेल-ग्रीस लागून छिद्रे बुजतात आणि हाताच्या पुढच्या भागावर व मांड्यांवर मुरूम येतात. तेलाने भिजलेली पँट दिवसभर अंगावर राहिली तर मांडीवर हमखास. उपाय साधा आहे. तेलकट कपडे रोज बदलावेत, तेलाचा चिंधा खिशात ठेवू नये, काम सुटल्यावर साबणाने धुवावे. डिझेलने किंवा रॉकेलने हात-तोंड धुऊ नये.

६) केसांचे तेल : भरपूर तेल चोपडून ते कपाळावर ओघळू दिले तर कपाळावर आणि केसांच्या कडेने बारीक मुरूम येतात. तेल लावावे, पण कपाळ पुसून घ्यावे.

मुरमांसारखे दिसते, पण मुरूम नव्हे

शेतकऱ्याच्या कातडीला इतरही उपद्रव असतात. त्यांची गल्लत होऊ नये.

उसाच्या पानांची कुसळे लागून मान, हात, तोंड चुरचुरते, पुरळ येते. यात मुख्य तक्रार खाजेची असते. मुरमाला सहसा खाज नसते. दाबले तर दुखते.

गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो, ते पुण्यात १९५५ साली प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. त्याची ॲलर्जी झालेल्या माणसाच्या पापण्या, मान, कोपराचा खळगा अशा जागी कातडी लाल, जाड आणि खाजरी होते. तोही मुरूम नव्हे.

पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात घामेजलेल्या पाठीवर-छातीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या उठतात, त्या कधीकधी बुरशीच्या असतात. त्यांना मुरमाचे औषध चालत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, या सगळ्यांवर आपल्या घरात एकच ट्यूब वापरली जाते. तीच खाजेला, तीच गजकर्णाला, तीच तोंडाला. आता त्या ट्यूबकडे वळू.

घरातली ट्यूब

ही ट्यूब कशी येते? 'खाजेसाठी काहीतरी द्या', 'तोंडावरचे डाग जातील असं काहीतरी द्या', असे दुकानात म्हटले की मिळते. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या ट्यूबचे खोके नेऊन दाखवले की मिळते. बाजारातील अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही त्यांची नावे. कधी त्याच्या जोडीला बुरशीचे आणि जंतूंचे औषध मिसळलेले असते, कधी रंग उजळण्याचे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य रोगावर, योग्य दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली ते मोलाचे आहे. पण मुरुमांवर आणि तोंडावर मनाने लावण्यासाठी ते नाही.

होते असे : पहिले चार दिवस लाली जाते, तोंड गुळगुळीत दिसते, रंग उजळतो. बाई खूश होते, मैत्रिणींना सांगते. काही आठवड्यांनी कातडी पातळ होऊ लागते. गालावर लाल बारीक शिरा दिसतात. उन्हात तोंड भाजल्यासारखे होते. गालावर लव वाढते. आणि ज्यासाठी ट्यूब आणली ते मुरूम पूर्वीपेक्षा दाट येतात, एकाच आकाराचे, एकदम. घाबरून ट्यूब बंद केली की तोंड लालबुंद होऊन आग होते. पुन्हा लावली की शांत होते. म्हणजे व्यसनासारखेच. ट्यूब सोडवत नाही आणि चेहरा सुधारत नाही.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. देशातील १२ त्वचारोग केंद्रांवर एक पाहणी झाली आणि ती २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यातील ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, तोंडाला स्टेरॉइड लावत होते. त्यातील सुमारे एक चतुर्थांश लोक ते मुरुमांसाठी लावत होते आणि त्याहून थोडे अधिक गोरेपणासाठी किंवा नेहमीचे क्रीम म्हणून. निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. दर दहांपैकी नऊ जणांना दुष्परिणाम झाले होते. त्यात सर्वांत जास्त कोणता? मुरूम येणे, किंवा असलेले वाढणे.

यानंतर त्वचारोगतज्ज्ञांच्या प्रयत्नांनी मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावण्याच्या १४ स्टेरॉइड औषधांची सवलत काढून ती 'अनुसूची एच' मध्ये घातली. याचा अर्थ, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तशी इंग्रजी सूचना खोक्यावर छापलेली असते. कायदा झाला, पण मागणारा मागतो आणि देणारा देतो, तोवर कायदा कागदावरच राहतो. गिऱ्हाईक आपणच आहोत. आपण मागितले नाही तर विकले जाणार नाही.

ज्यांच्या घरात तोंडाला लावायची अशी ट्यूब बरेच महिने चालू आहे त्यांनी काय करावे? ती ट्यूब खोक्यासकट घेऊन दवाखान्यात जावे आणि किती दिवस लावली ते खरे सांगावे. सोडताना होणारी आग आणि लाली काही आठवडे टिकू शकते. त्या काळात डॉक्टर दुसरी औषधे देऊन निभावून नेतात. दम धरला तर कातडी हळूहळू सावरते.

दवाखान्यात काय उपचार मिळतात?

माती परीक्षण न करता खताची पोती टाकू नयेत, हे आपण शेतकी विभागाकडून ऐकतो. इथेही आधी तपासणी, मग औषध. साधारण पद्धत अशी :

किरकोळ मुरूम : लावण्याची औषधे. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू कमी करते. ॲडापलीन बूच बसू देत नाही. कित्येकदा दोन्ही मिळून देतात. जंतुनाशक मलम, उदाहरणार्थ क्लिंडामायसिन, एकटे वापरू नये. जंतू त्याला सरावतात.

मध्यम मुरूम : वरील औषधांच्या जोडीला डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या, साधारण तीन महिन्यांच्या आत आढावा घेऊन. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्या घेतल्या आडवे होऊ नये. या गोळीने ऊन बाधते. आपण रानात काम करणारी माणसे, म्हणून टोपी, पदर किंवा रुमाल न विसरता घ्यावा. रक्तवाढीची लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नये.

मोठ्या गाठी, खड्डे पडणारे मुरूम : अशा रुग्णाला वैद्यकीय अधिकारी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतात. तिथे आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या दिल्या जातात. गुण मोठा, पण गर्भावर भयंकर परिणाम करणारे औषध. हे चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. त्याच काळात रक्तदानही करायचे नाही. कारखान्याच्या रक्तदान शिबिरात येणाऱ्या तरुण मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढवले जाऊ शकते.

गर्भवती भगिनींना ॲडापलीन आणि डॉक्सिसायक्लिनही देत नाहीत. म्हणून दिवस राहिलेले असोत वा तशी शक्यता असो, डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांच्यासाठी चालणारी औषधे वेगळी आहेत.

केंद्रात सर्वच औषधे असतील असे नाही. नसतील तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुकानात जावे. चिठ्ठी घेऊन जाणे आणि 'काहीतरी द्या' म्हणणे यात फार फरक आहे. ज्यांना तालुक्याला जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी ई-संजीवनी ही शासनाची मोफत दूरसल्ला सेवा आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्याविषयी विचारावे. तोडणीसाठी आलेल्या टोळीतील भगिनींनाही या सोयी सांगाव्यात.

औषध लावण्याची रीत

१) दिवसातून दोनदा साध्या साबणाने तोंड हलके धुवावे. घासू नये.
२) रात्री तोंड कोरडे झाल्यावर वाटाण्याएवढे औषध घेऊन, मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावावे. एकेका मुरमावर थापू नये.
३) सुरुवातीला कातडी कोरडी पडते, थोडे सोलपटते. एक दिवसाआड लावून सवय करावी. फारच आग झाली तर डॉक्टरांना दाखवावे.
४) बेन्झॉइल पेरॉक्साइड रंगीत कपड्याला लागले तर तेवढा भाग पांढरा पडतो. जुनी उशी, जुना टॉवेल वापरावा.
५) घाई करू नये. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, खरा हिशेब बारा आठवड्यांनी करावा. आडसाली उसाला अठरा महिने थांबणाऱ्या माणसाला बारा आठवडे जड नाहीत.
६) बरे वाटले की लगेच सर्व बंद करू नये. लागणीचा ऊस तुटला म्हणून खोडव्याकडे कोणी पाठ फिरवत नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस लावण्याचे औषध चालू ठेवावे.

साखर आणि मुरूम

हा प्रश्न साखर कारखान्याच्या पत्रिकेत टाळला तर वाचक म्हणतील, सोयीचे तेवढे छापले. म्हणून सांगतो.

ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचा. पहिल्या गटातले मुरूम सरासरी साडेतेवीसने घटले, दुसऱ्यातले बाराने. तेव्हा गोड पेये, बिस्किटे, मैद्याचे पदार्थ, चहात दिवसभर पडणारी साखर यांचा संबंध काही जणांच्या बाबतीत आहे असे म्हणायला जागा आहे. पण केवळ गोड खाल्ल्याने मुरूम येतात आणि गोड सोडले की जातात, असेही नाही. कमी करून पाहण्यात तोटा नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, भाजी यांनी दुसरेही फायदे होतात. आणि गुळाने मुरूम येत नाहीत, साखरेनेच येतात, हा समज चुकीचा आहे. गूळही रक्तातली साखर वाढवतोच.

सभासदांचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न : मुरूम फोडले तर लवकर जातात का?
उत्तर : नाही. पू आत दबतो, गाठ मोठी होते, डाग आणि खड्डा राहतो. नाक आणि वरचा ओठ यांच्या आसपास तर मुळीच फोडू नये.

प्रश्न : चुना, टूथपेस्ट, लिंबू लावतात ते बरे का?
उत्तर : चुन्याने कातडी भाजते. टूथपेस्ट आणि लिंबाने आग होते व काळा डाग मागे राहतो. हे काहीही लावू नये.

प्रश्न : लग्न झाले की मुरूम जातात म्हणतात.
उत्तर : लग्नाचा आणि मुरमांचा संबंध नाही. वर दिलेले तिशी-चाळिशीचे आकडे पाहावेत.

प्रश्न : मुरूम गेले, काळे डाग राहिले. काय करावे?
उत्तर : आपल्या वर्णाच्या कातडीवर डाग काही महिने राहतात आणि बरेचसे आपोआप फिके होतात. ऊन टाळावे. डागासाठी म्हणून 'गोरेपणाचे' क्रीम आणू नये. तिथूनच स्टेरॉइडचे लचांड मागे लागते.

प्रश्न : तातडीने केव्हा जावे?
उत्तर : मोठ्या दुखऱ्या गाठी, सोबत ताप किंवा सांधेदुखी, बाईचा आवाज घोगरा होणे व अंगावर पुरुषी केस एकाएकी वाढणे, आणि मुरुमांपायी माणूस खचून गेला, जेवणखाण सोडले, जीव नकोसा झाला असे बोलू लागला, तर त्याच दिवशी.

थोडक्यात

मोठ्या माणसांना मुरूम येणे नेहमीचे आहे. तो मळ नाही, पाप नाही, नखरा तर नाहीच. त्याला उपचार आहे आणि तो पहिल्या पायरीच्या दवाखान्यात सुरू होतो. तोंडाला स्टेरॉइडची ट्यूब लावू नये. मुलाला घेऊन दवाखान्यात गेलेल्या आईने उठता उठता एवढेच म्हणावे, 'डॉक्टर, माझ्या तोंडाचंही जरा बघा.'

घरी करावयाचे काम : आज संध्याकाळी घरातील सर्व मलमाच्या ट्यूबा एका ताटात काढाव्यात. घरातील शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून त्यावरील औषधांची नावे वाचून घ्यावीत. वर दिलेल्या चारपैकी एखादे नाव सापडले, तर ती कोणी, कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून आणली ते घरात विचारावे. चिठ्ठी नसेल तर ती ट्यूब पुढच्या खेपेस आरोग्य केंद्रात दाखवावी. हा पाठ घरातील भगिनींना अवश्य वाचून दाखवावा.